गेजला तारीख असते, प्लेटला नाही

चाकण-भोसरीकडच्या बऱ्याच कंपन्यांना गुरुवारी सुट्टी असते, म्हणून आमच्या गटाची बैठकही गुरुवारीच भरते. मागच्या महिन्यात रेशन कार्डांचा विषय चालू होता. एक बाई बोलता बोलता थांबली, कानापुढचा गाल तळव्याने दाबून धरला आणि 'तुम्ही चालू ठेवा' अशी हातानेच खूण केली. चहाच्या वेळी मी विचारलं, तेव्हा तिने पिशवीतून साबणाच्या डबीएवढी प्लॅस्टिकची डबी काढली. आत दातांच्या आकाराची, एके काळी पारदर्शक आणि आता पिवळी पडलेली प्लेट. दवाखान्यात तिला स्प्लिंट म्हणतात, नाहीतर नाइट गार्ड. आमच्या वस्त्यांमध्ये ती 'प्लेट' किंवा 'पट्टी'.

"कधीपासून घालतेस?"

"धाकटा बालवाडीत होता तवापासून. आता तिसरीला हाय."

"दुखायचं थांबलं?"

"पहिले दोन-तीन महिने बरं वाटलं. मग पुन्हा सुरू. पर न घालता झोपायची भीती वाटते."

"आणि कधीपर्यंत घालायची?"

"ते काय सांगितलं न्हाई."

ही बाई मूळची बीड जिल्ह्यातली. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ठेकेदाराकडून तपासणीच्या कामाला आहे. दिवसभर खाली मान घालून एकेक भाग गेजमध्ये बसवून बघायचा, बसला तर इकडच्या क्रेटमध्ये, नाही बसला तर तिकडच्या. चहाचा कप खाली ठेवत ती म्हणाली, "ताई, आमच्या गेजवर बी तारखेचं स्टिकर आस्तं. तारीख गेली की क्वालिटीवाले येऊन गेज उचलून नेतात, पुन्हा तपासून आणतात. मग ह्या पट्टीलाच कशी तारीख न्हाई?"

मी गप्प बसले. गप्प बसण्याचं कारण असं की त्या दवाखान्यात तिला पहिल्यांदा मीच घेऊन गेले होते. डॉक्टरांनी प्लेट सांगितली, तिने ठेकेदाराकडून उचल घेऊन पैसे भरले आणि मी माझ्या डायरीत 'केस पूर्ण' असा शेरा मारला. पुन्हा कधी विचारलं नाही. एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत आम्हाला पाठपुराव्यावर किती व्याख्यानं झाली, ते आठवून मला आता हसूही येत नाही.

तेव्हा हा लेख काही दूर उभं राहून डॉक्टरांवर दगड मारण्यासाठी लिहिलेला नाही. पण भांडण आहे, आणि ते या न दिलेल्या तारखेशी आहे.

आधी थोडी माहिती, कारण आपल्यातल्या पुष्कळ जणींना हे दुखणं असतं आणि त्याचं नाव माहीत नसतं. दोन्ही कानांच्या अगदी पुढे बोटं ठेवून तोंड उघडा आणि मिटा. बोटांखाली जे हलतं तो जबड्याचा सांधा. दोन हाडांच्या मध्ये एक लहानशी चकती असते. हा सांधा, ही चकती आणि चावण्याचे स्नायू यांच्या दुखण्यांच्या गाठोड्याला डॉक्टर 'टीएमडी' म्हणतात. कानात ठणका, कानशिलं दुखणं, तोंड उघडताना कट्कट् आवाज, जांभई देताना जबडा अडकणं, सकाळी उठल्यावर तोंड आंबल्यासारखं होणं, यातलं काहीही. बायका आधी कानाच्या डॉक्टरकडे जातात, तिथे कान साफ निघतो. मग डोळ्यांचा नंबर तपासून घेतात. मग कुणीतरी म्हणतं, अक्कलदाढ असेल. या दुखण्यासाठी उपचार घेणाऱ्यांत बायकांचं प्रमाण पुरुषांच्या साधारण दुप्पट असतं, आणि वय बहुधा विशीपासून चाळिशीपर्यंतचं. म्हणजे शिफ्ट, स्वयंपाक, पोरं आणि सासू हे सगळं एकदम अंगावर असतं ते वय. बहुतेकींचं दुखणं साध्या काळजीने कमी होतं. थोड्या जणींचं महिनोन्महिने रेंगाळतं, आणि प्रश्न या थोड्या जणींचा आहे.

प्लेट दातांचं माप घेऊन बनवतात, बहुधा ॲक्रिलिकची. झोपेत कराकरा दात खाणाऱ्या माणसाचे दात तिच्यामुळे झिजत नाहीत. हे काम ती खरोखर करते आणि त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो दुसऱ्या दाव्याबद्दल: प्लेट घातली की सांध्याचं दुखणं बरं होतं.

हा दावा आला कुठून? १९३४ साली अमेरिकेत जेम्स कॉस्टेन नावाच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरने लिहिलं की मागचे दात पडले, जबडा जास्त मिटायला लागला, की सांध्यावर ताण येऊन कान दुखतो. कल्पना सुटसुटीत होती. बिघाड दातांच्या बसणीत, तेव्हा इलाजही दातांतच. कान-नाक-घशाच्या डॉक्टरने मांडलेलं दुखणं अशा रीतीने दातांच्या डॉक्टरांच्या वाट्याला गेलं आणि तिथेच राहिलं. पुढे पुष्कळ तपासण्या झाल्या, आणि दातांची बसणी व हे दुखणं यांचा असा सरळ संबंध काही सापडला नाही. १९७६ साली शिकागोच्या संशोधकांनी एक गमतीचा प्रयोग प्रसिद्ध केला. २५ रुग्णांचे दात घासून बसणी 'दुरुस्त' केल्याचं त्यांनी नाटक केलं. यंत्राचा आवाज झाला, खुर्ची मागे गेली, पण बसणी होती तशीच राहिली. त्यातल्या १६ जणांनी दुखणं पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण गेल्याचं सांगितलं! आता यावरून त्यांचं दुखणं खोटं होतं असं कुणी म्हणू नये. कुणीतरी लक्ष देऊन ऐकलं, हात लावला, काहीतरी केलं, याचाही वेदनेवर परिणाम होतो, आणि काळाचाही होतो. माझ्या मैत्रिणीचे पहिले 'दोन-तीन महिने' बहुधा यातच बसतात.

ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेसाठी २०२० साली प्लेटवरच्या ५२ चाचण्या एकत्र करून तपासल्या गेल्या. काहीच न करणं किंवा अगदी किरकोळ उपचार करणं याच्या तुलनेत प्लेटने वेदना कमी होतात असा पुरावा मिळाला नाही, आणि जो पुरावा होता तोही अगदी कच्चा. डिसेंबर २०२३ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या जबड्याच्या दुखण्यासाठी मार्गदर्शक शिफारशी छापल्या. आधी काय करावं असं सांगितलं? प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली जबड्याचे आणि मानेचे व्यायाम, स्नायूंतल्या दुखऱ्या गाठी हाताने मोकळ्या करणं, सांध्याला हाताने हालचाल देणं, वेदनेबरोबर जगायला शिकवणारं समुपदेशन. साधी, काढता येणारी प्लेट? शक्यतो नको. दातांची बसणी कायमची बदलून टाकणारी प्लेट? अजिबात नको. दंतवैद्यकातल्या पुष्कळांना हे मान्य नाही. काही रुग्णांना, विशेषतः थोड्या काळासाठी, प्लेटचा आधार मिळतो असं त्यांचं म्हणणं आहे. असेलही. मग थोडा काळ म्हणजे किती, ते कागदावर लिहा. आमचं मागणं एवढंच आहे.

कारण प्लेट वर्षानुवर्षं घातली तर ती निरुपद्रवी राहतेच असं नाही. सगळ्या दातांवर बसणारी, नीट तासलेली, फक्त रात्री घालायची कडक प्लेट बऱ्याच जणींना सोसते. पण फक्त पुढच्या दातांवर बसणारी छोटी प्लेट असते. ती दीर्घकाळ घातली की ज्या दातांना काही टेकत नाही ते हळूहळू वर सरकू शकतात. जबडा पुढे ओढून धरणारी प्लेट असते. ती बरेच महिने दिवसरात्र घातली की जबडा पुढेच राहू शकतो आणि मागचे दात एकमेकांना भेटेनासे होतात. एक दिवस बाईच्या लक्षात येतं की पुढच्या दातांनी भाकरीचा तुकडा तुटत नाही, किंवा एका बाजूनेच चावलं जातंय. मग सांगतात, बसणी बिघडली. ती नीट करायला दात घासावे लागतील, टोप्या बसवाव्या लागतील, तारा लावाव्या लागतील. जिन्याची पहिली पायरी प्लेट होती, हे तोवर सगळे विसरलेले असतात. आणि घासलेला दात काही पुन्हा वाढत नाही.

या जिन्याचं वरचं टोक कुठे जातं तेही एकदा बघून घेऊ. अमेरिकेत १९८३ साली व्हायटेक नावाच्या कंपनीला जबड्याच्या सांध्यात बसवायच्या टेफ्लॉनच्या चकत्या विकण्याची वाट मोकळी झाली. हजारो लोकांच्या जबड्यांत त्या बसल्या, त्यात बहुसंख्य बायका. चकत्यांचा भुगा होऊन आसपासचं हाड झिजू लागलं. कंपनीने दिवाळं काढलं आणि १९९१ च्या सुरुवातीला चकत्या परत मागवल्या गेल्या. म्हणजे बायकांच्या डोक्यातून पुन्हा कापून काढायच्या. टेरी काउली नावाच्या एका रुग्ण बाईने मैत्रिणीबरोबर १९८६ साली रुग्णांची संघटना काढली होती. अशा बायकांच्या रेट्यामुळे १९९२ मध्ये अमेरिकेच्या संसदेच्या समितीपुढे सुनावणी झाली. इंजेक्शनच्या गर्भनिरोधकांविरुद्ध आपल्या संघटना कोर्टात गेल्या त्याच दशकातली ही गोष्ट. आपल्याकडे त्याच काळात बायकांच्या शरीरावर काय चाललं होतं ते या अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको. चाकणला येणाऱ्या कितीतरी जणी बीडच्या. त्याच जिल्ह्यात ऊसतोड कामगार बायकांच्या सरकारी पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली निघाली, तो अहवाल २०१९ चा. पाळी आली की खाडा होतो, खाडा झाला की मुकादम दंड करतो, म्हणून पिशवीच काढून टाकायची! प्लेटची आणि पिशवीची बरोबरी मी करत नाही. एक डबीत ठेवता येते, दुसरी परत येत नाही. पण कामाची पद्धत जशी आहे तशीच ठेवायची आणि बाईच्या शरीरात फेरफार करून तिला त्यात बसवायची, ही चाल दोन्हीकडे ओळखीची वाटते. गेजमध्ये भाग बसवतात तशी.

आता कुणी म्हणेल, मग दाताचे डॉक्टर व्यायाम आणि समुपदेशन का सांगत नाहीत? काही सांगतातही. पण हिशेब मांडून बघा. प्लेट ही वस्तू आहे. तिचं माप घेता येतं, ती लॅबमधून बनून येते, डबीत घालून हातात देता येते, तिची पावती फाडता येते. व्यायाम शिकवायला माणूस लागतो आणि त्याचा वेळ लागतो: आज वीस मिनिटं, पुढच्या आठवड्यात पुन्हा वीस मिनिटं. बाईलाही वाटतं की पैसे दिले तर हातात काहीतरी यावं. कर्ज काढून दवाखाना थाटून बसलेला तरुण डॉक्टर काय विकेल, हे सांगायला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही. म्हणून मला एकेका डॉक्टरच्या नीतीवर बोलण्यात रस नाही. नुसत्या वेळेचा इलाज गरीब बाईपर्यंत पोचवायचा तर तो सार्वजनिक व्यवस्थेनेच पोचवायला हवा. कामगार राज्य विम्याची वर्गणी आमच्या बायकांच्या पगारातून कापली जाते. ठेकेदाराने ती भरली नाही तर मूळ मालकाने भरायची, असं कायदा सांगतो. चिंचवडला विम्याचं रुग्णालय आहे, संत तुकारामनगरला पालिकेचं यशवंतराव चव्हाण रुग्णालय आहे, पिंपरीत दंत महाविद्यालय आहे. गुडघा, कंबर, खांदा यांचा व्यायाम हाडाच्या डॉक्टरकडून सहज लिहून मिळतो. जबडा हाही सांधाच आहे. पण तो दातांच्या खोलीत गेला की दातांचा होतो, आणि त्या खोलीतून व्यायामाच्या खोलीकडे जाणारी चिठ्ठी क्वचितच लिहिली जाते.

कंपन्यांकडे मात्र याचं उत्तर तयार असतं. टेन्शन. महिला दिनाला गुलाबाचं फूल, आणि वर्षातून एकदा कँटीनमध्ये तणावमुक्तीचं शिबिर. डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या, सकारात्मक विचार करा. अर्ध्या तासाने घंटा होते आणि लाइन पुन्हा चालू. दिवसाचं टार्गेट वाढवलं ते कुणी, लघवीला जायला बदली माणूस मागायचा तर सुपरवायझरच्या तोंडाकडे बघावं लागतं ते का, शिबिरातले बाबा यावर बोलत नाहीत.

इथे मला एक गोष्ट नीट मांडली पाहिजे, कारण आपल्या बाजूनेही घोळ होतो. वेदनेवर समुपदेशनाचा उपयोग होतो याचा अर्थ वेदना मनाची आहे असा नाही. मधुमेहाच्या माणसालाही समुपदेशन देतात, म्हणून त्याची साखर खोटी ठरते का? पण बाईच्या बाबतीत 'मनाशी संबंध आहे' हे वाक्य 'नाटक करतेय' इथे येऊन कधी थांबतं ते कळत नाही. म्हणून कितीतरी जणी समुपदेशन नको म्हणतात आणि प्लेट धरून ठेवतात. प्लेट हा त्यांच्याकडचा पुरावा असतो. सासूला, नवऱ्याला, सुपरवायझरला दाखवायला: बघा, डॉक्टरांनी दिलीय, मला खरंच काहीतरी झालंय. चार वर्षं घातलेली प्लेट काढायची भीती का वाटते, ते मला त्या बाईच्या बोलण्यातून असं उशिरा समजलं. दुखणं तिला एकवेळ चालणार होतं. दुखण्यावरचा तिचा दाखला कुणी काढून घेऊ नये, एवढंच तिला हवं होतं.

आणि ज्या प्रश्नाने सुरुवात व्हायला पाहिजे होती तो कुणी विचारलाच नाही. तिला दवाखान्यात दातांबद्दल विचारलं, झोपेत दात खातेस का विचारलं, सुपारी खातेस का हेही विचारलं. कुणी मारलं का, हे विचारलं नाही. मी विचारलं नाही! गाल, कानशील, जबडा. हात उगारलेल्या माणसाला यापेक्षा सोपी जागा नसते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार ही आपल्या भाषेतली म्हण काही हवेतून आलेली नाही. जबड्यावरच्या माराने सांधा दुखावतो, चकती सरकू शकते आणि दुखणं मार बसल्यानंतर बऱ्याच काळाने डोकं वर काढू शकतं. अशा बाईला प्लेट दिली आणि रात्री तीच खोली, तोच माणूस असला, तर आपण नेमका कशावर उपचार केला?

दाताच्या दवाखान्यात हा प्रश्न विचारणं म्हणजे नसत्या चौकशा नव्हेत. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने वैद्यकीय सुविधेवर जबाबदारी टाकलेली आहे. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'सेहत' संस्थेने महापालिकेबरोबर २००० साली 'दिलासा' केंद्र सुरू केलं आणि दवाखान्यात हे काम होऊ शकतं हे दाखवून दिलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, जुन्या दंडविधानात होतं तसंच, हाड किंवा दात मोडणं किंवा निखळणं ही 'गंभीर दुखापत' आहे. त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण केसपेपरवर 'जबडा दुखतो, प्लेट दिली' एवढंच लिहिलेलं असेल तर चार वर्षांनी कोर्टात काय दाखवणार? कशाने दुखायला लागलं, तिच्या शब्दांत काय झालं, तोंड किती उघडतं, कुठे सूज, कुठे वळ, तारीख काय, हे लिहिलेला कागद बाईच्या हातात हवा.

याच्या उलट चूक आपण करतो तीही सांगते. एका गटाच्या बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा एक जुनी कार्यकर्ती ठामपणे म्हणाली, "जबडा आवळलेली बाई म्हणजे राग गिळलेली बाई. तिला बोलू द्या, जबडा सुटेल." टाळ्या पडल्या. वाक्य छान आहे, माझ्याही तोंडात कितीदा आलंय. पण आमच्याच वस्तीतली एक बाई रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून मावा खायची. तोंड कमी उघडायला लागलं. तिला प्लेट मिळाली, वर आमच्या गटात राग मोकळा करायचा सल्लाही मिळाला. गालाच्या आत बोट घालून कुणी बघितलं नव्हतं. तिथे पांढुरके, ताठ पट्टे तयार झाले होते. सुपारीने तोंडातली कातडी आखडत जाते. त्यात पुढे कॅन्सर होऊ शकतो. तोंडात आपली तीन बोटं उभी जात नसतील तर आधी तोंडाच्या आतली तपासणी झाली पाहिजे. महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ पासून आहे; मावा कुठे मिळतो ते मात्र शाळकरी पोरंही सांगतील. प्रत्येक दुखण्यात पितृसत्ता शोधायची घाई आणि प्रत्येक दुखण्यात दातांची बसणी शोधायची घाई, या दोन घायांनी त्या बाईचं सारखंच नुकसान केलं.

म्हणून प्लेट घेऊन फिरणाऱ्या मैत्रिणींना काही सांगायचं आहे. हा लेख वाचून प्लेट फेकून देऊ नका. झोपेत दात खाऊन झिजत असतील तर ती तुमच्या कामाची असू शकते. पण ज्यांनी दिली त्यांच्याकडे परत जा आणि विचारा: ही कशासाठी दिली, दात वाचवायला की दुखणं थांबवायला? दुखणं थांबवायला असेल तर किती आठवड्यांनी बघणार, आणि नाही थांबलं तर काय? माझ्या दातांची बसणी पहिल्या दिवशी कशी होती, आज कशी आहे? व्यायामाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी देता का? दात घासायचे, टोप्या बसवायच्या असं कुणी म्हणालं तर त्या दिवशी हो म्हणू नका. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. जबडा एकदम अडकला, सूज आली, गाल किंवा ओठ बधिर झाला, तर पुढच्या तारखेची वाट बघत बसू नका. आणि जबड्याच्या दुखण्याबरोबर छातीत दाब, धाप, घाम, मळमळ असेल तर थेट मोठ्या दवाखान्यात जा, कारण बायकांचा हृदयविकार कधीकधी जबड्यातून बोलतो.

घरी करण्यासारखं थोडंच आहे, पण फुकट आहे. जेवताना आणि गिळताना सोडलं तर वरचे-खालचे दात एकमेकांना टेकायला नकोत; ओठ मिटलेले, दात सुटे. आमच्या बाईने हे लाइनवर करून बघितलं तेव्हा तिला कळलं की आठ तासांतला बहुतेक वेळ तिचे दात आवळलेले असतात. भाग गेजमध्ये बसतो की नाही हे बघताना ती दात चावते आणि श्वास धरते. शेजारच्या दोघी तिला बघून हसल्या आणि मग त्यांनी स्वतःचं बघितलं. आता तिघींनी मिळून एक गोष्ट मागायची ठरवली आहे: तपासणीचं टेबल वीतभर उंच करा, मान सारखी खाली घालावी लागू नये. स्प्लिंटपेक्षा स्वस्त पडेल, असं त्या म्हणतात. मालक ऐकेल की नाही ते माहीत नाही. ठेकेदाराच्या बायकांनी टेबलाची उंची मागितल्याचं त्या शॉपमध्ये कुणाला आठवत नाही.

आमच्या गटापुरतं आम्ही एवढं केलंय की दवाखान्यात सोबत जाताना आता एक वही नेतो. काय दिलं, कशासाठी दिलं आणि पुन्हा कधी बघणार, हे डॉक्टरांनाच तीत लिहायला सांगतो. काही डॉक्टर आनंदाने लिहितात. एकाने विचारलं, तुम्ही कोण? मी म्हटलं, क्वालिटीवाले.

गेल्या आठवड्यात ती बाई आणि मी त्याच दवाखान्यात परत गेलो. डॉक्टर बदललेले होते, जुना केसपेपर सापडला नाही. नवीन डॉक्टरीणबाईंनी प्लेट हातात घेऊन उजेडात धरली, बराच वेळ तिच्या दातांत बसवून बघितली आणि म्हणाल्या, "ही आता नीट बसतच नाहीये, बाई. तुमचे दात बदललेत." मग तिने, माझ्याकडे न बघता, कानाजवळ हात नेऊन सांगितलं की पहिल्यांदा दुखलं होतं त्याच्या आदल्या रात्री काय झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं, ऐकलं आणि मग पेन उचलून लिहायला घेतलं. वहीत आता पुढची तारीख आहे, २३. गुरुवार नाही, म्हणजे खाडा होणार. तो पगार कुठून भरून काढायचा, यावर पुढच्या बैठकीत बोलायचं आहे.